थंडीतली सहल कुणाच्या सोयीनं?

घरात तीन वर्षांच्या आगेमागे वयाची लेकरं असली की कुठं जायचं यापेक्षा दिवस कसा घालवायचा हा प्रश्न मोठा होतो. जागेबद्दल मात्र घरोघर तासन्‌तास बोलणं होतं. किती वाजता निघायचं, दुपारी लेकरू कुठं झोपवायचं, रात्री त्याच्यासाठी कोण उठणार, याबद्दल निघायच्या दिवसापर्यंत कुणी तोंड उघडत नाही. म्हणून नणंद-भावजयीतला हा वाद इथं मांडते आहे. वहिनी छत्रपती संभाजीनगरला सिडकोत राहते. तिची मुलगी साडेतीन वर्षांची, मुलगा सव्वा वर्षाचा. धाकटी नणंद मानसी पुण्यात नोकरी करते. तिचा मुलगा अडीच वर्षांचा. पात्रं कल्पित आहेत, अडचणी खऱ्या आहेत.

मानसी: वहिनी, या नाताळात मला मोठं रिसॉर्ट हवंय. घसरगुंडी, झोपाळे, पोहण्याचा तलाव, तिन्ही वेळचं जेवण, सगळं एका आवारात. तुम्हीच इकडे या. एक दिवस पुण्यात थांबू आणि मग खोपोलीला इमॅजिकाला जाऊ. मुलं खेळतील, आपण जरा टेकू.

वहिनी: पुण्यापर्यंतच सव्वादोनशेच्या वर किलोमीटर होतात. पुढं खोपोली आणखी पाऊणशे. धाकट्याला गाडीत दोन तासांच्या वर बसवलं की तो कमान टाकतो. आणि तिथं पोचून काय? वेगवान खेळांना उंचीची अट असते, ती असायलाच पाहिजे. आपली तिन्ही लेकरं त्या पट्टीखाली राहणार. म्हणजे पैसे भरून आपण त्यांना कडेवर घेऊन रांगा बघत फिरायचं.

मानसी: लहान मुलांसाठी वेगळे खेळ असतात की तिथे.

वहिनी: असतात. गोल फिरणारे घोडे असतात, छोटी गाडी असते. दोन फेऱ्या झाल्या की लेकरू ‘पुन्हा, पुन्हा’ म्हणतं आणि तिसऱ्या फेरीनंतर झोपेला आलेलं असतं. तीनशे किलोमीटर जाऊन ते वीस मिनिटांचं सुख. मी म्हणते, इथंच जवळ शेतावर जाऊ. हुरड्याचे दिवस आहेत.

मानसी: शेतावर म्हणजे मामांच्या ना? मग आधी माझं ऐका. मामांकडे गेलं की मामी पहाटे पाचला चुलीपाशी. आपण दोघी त्यांच्या हाताखाली. भाकरी, पिठलं, ठेचा, चहाच्या खेपा, मग भांडी. दादा आणि आमचे हे बाजेवर बसून हुरडा खाणार आणि मुलं रडली की ‘अगं बघ गं’ म्हणून हाक मारणार. ती सहल त्यांची. मला वर्षातून पाच दिवस रजा मिळते ती भाकऱ्या थापायला नको आहे.

इथं वहिनी गप्प झाली, आणि माझ्या मते तिनं व्हायलाच हवं होतं. ‘गावाकडं जाऊ’ हे वाक्य आपल्याकडं फार सहज बोललं जातं आणि त्याचा खर्च बायकांच्या पाठीवर पडतो. मानसीचा रिसॉर्टचा हट्ट चैनीसाठी आहे असं समजणं अन्यायाचं ठरेल. आयतं ताट समोर येणं ही लहान लेकराच्या आईची वर्षानुवर्षं न भागलेली गरज आहे.

मानसीनं तिच्या बाजूनं आणखी एक दाखला दिला. बिली बटलिन यानं १९३६ मध्ये इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर स्केगनेसला आपला पहिला हॉलिडे कॅम्प काढला. कामगार कुटुंबांना आठवडाभर राहणं, जेवण, खेळ, सगळं एका ठरलेल्या रकमेत. संध्याकाळी आईबाप नाच-गाण्याला गेले की राखणीच्या बायका खोल्यांवरून फेरी मारायच्या. कुठल्या खोलीत बाळ रडतंय ते ऐकायच्या आणि त्या खोलीचा नंबर सभागृहात कळवायच्या. ‘वहिनी, नव्वद वर्षांपूर्वी त्यांनी आईचा विचार केला,’ मानसी म्हणाली. ‘आपल्या शेतावर कोण करतं?’

वहिनी: तुझं हे मला पटतं. मामांकडं नको. पण म्हणून खोपोलीच हवं असं कुठं आहे? आता कितीतरी शेतकरी कृषी पर्यटन केंद्र चालवतात. बारामतीकडं पांडुरंग तावऱ्यांनी ही कल्पना लावून धरली, आणि २०२० मध्ये राज्य सरकारनंही तिचं धोरण आणलं. तिथं आपण पाहुणे. माणशी पैसे देऊन जायचं. रांधणारी माणसं त्यांची, भांडी त्यांची. मुक्कामाला खोली मिळते. आपण सकाळी उठून फक्त लेकरांकडं बघायचं.

मानसी: आणि पोहण्याचा तलाव? माझ्या बाळाला पाणी फार आवडतं.

वहिनी: जानेवारीत इथं पहाटे पारा दहा-बारा अंशांवर येतो, कधी त्याच्याही खाली. दुपारी तोच अठ्ठावीस-एकोणतीस होतो. हवा तापते, पण तलावातलं पाणी रात्रभर गार झालेलं असतं, आणि आपल्याकडच्या बहुतेक तलावांना पाणी तापवायची सोय नसते. लेकराचं वजन कमी आणि त्या मानानं अंगाची कातडी जास्त, म्हणून ते मोठ्या माणसापेक्षा झटकन गार पडतं. ओठ निळे पडेपर्यंत ते ‘अजून’ म्हणतं. त्यापेक्षा दुपारी बारा वाजता उन्हात घंगाळं ठेव, कोमट पाणी ओत आणि दे त्याला डबा. तासभर हलणार नाही.

पोहण्याच्या तलावाचा हा मुद्दा मला अधिक खोल वाटतो. युरोपात थंडीच्या दिवसांत कुटुंबानं जायचं ‘हॉलिडे पार्क’ म्हणजे छताखालचं पार्क. हॉलंडमध्ये पीट डर्कसेन यानं १९६८ मध्ये झाडीत बंगल्यांची वसाहत उभी केली. तिचंच पुढं सेंटर पार्क्स झालं. १९८० मध्ये त्यांनी काचेच्या घुमटाखाली कोमट पाण्याचा तलाव बांधला आणि ऐन हिवाळ्यातही तिथं कुटुंबं जाऊ लागली. तिकडं बाहेर चिखल, पाऊस, चार वाजताच अंधार. लेकरांना आत नेणं भागच. मराठवाड्यात हे सगळं उलट आहे. एप्रिल-मे मध्ये चाळिशीपार गेलेल्या उन्हात लेकरू दिवसभर कोंडलं जातं. पावसाळ्यात डास आणि चिखल. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हेच चार महिने त्याला मातीत, गवतात, उन्हात मोकळं सोडता येतं. ते दिवस वातानुकूलित खेळघरात घालवणं म्हणजे हाती आलेला हंगाम वाया घालवणं. इथं माझा कौल वहिनीला आहे.

या बोलण्यात मग आईही आल्या. म्हणजे मानसीची आई, वहिनीच्या सासूबाई. त्यांचं माहेर लातूरकडचं.

आई: आमच्याकडं येळवशीला अख्खं गाव शेतात. मार्गशीर्षातली अमावस्या. शहरातली दुकानंसुद्धा बंद असायची. हिरव्या ज्वारीत कडब्याची कोप करायची, आत पाच पांडव मांडायचे. भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर. तान्ही लेकरं बरोबरच. आंब्याला नाहीतर बाभळीला लुगड्याची झोळी बांधायची, लेकरू त्यात दोन तास गप्प. वारं लागतं ना, अशी झोप घरात येत नाही.

मानसी: आणि ती भज्जी कोण करायचं, आई?

आई: बायाच. आदल्या रात्री झोप कुठली? पहाटे टोपली डोक्यावर घेऊन निघायचं. खरं आहे तुझं.

आईंनी हे मान्य केलं, पण त्यांच्या बोलण्यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटली. त्या झोळीची. लहान लेकरांची सहल फसते ती जवळजवळ नेहमी दुपारी. सकाळी साडेनऊ ते साडेबारा लेकरू ताजं असतं. मग जेवण, मग दीड-दोन तासांची झोप. चारला उठलं की पुन्हा दोन तास, कारण डिसेंबर-जानेवारीत सहाच्या सुमारास दिवस मावळतो आणि हवा लगेच बोचरी होते. म्हणजे हिंडायला हाताशी पाचच तास, तेही दोन तुकड्यांत. यात एक जागा सकाळी, एक संध्याकाळी, एवढंच बसतं. ज्या बेतात दुपारी एक ते तीन गाडी रस्त्यावर किंवा माणसं रांगेत असतात, त्या बेतात चार वाजता रडारड ठरलेली. केंद्रवाल्याला फोन कराल तेव्हा खोलीच्या भाड्याच्या आधी विचारा, दुपारी झोळी बांधायला सावली आहे का.

मानसी: म्हणजे वेरूळ-अजिंठा काहीच बघायचं नाही? माझ्या मिस्टरांनी अजून एकही लेणं पाहिलेलं नाही.

वहिनी: अजिंठा आता नको. शंभर किलोमीटर जायचं, फाट्यावर गाडी ठेवून दुसऱ्या बसनं पुढं, मग पायऱ्या. बाबागाडी चालत नाही, लेकरू कडेवर. आत अंधार, आणि चित्रापुढं शांत उभं राहावं लागतं. सव्वा वर्षाच्या पोराला ते कसं जमणार? देवगिरीच्या किल्ल्याची अंधारी तर मोठ्यांनाच घाबरवते. वेरूळ तीस किलोमीटरवर. तिथं सगळ्या चौतीस लेण्यांचा नाद सोडायचा. फक्त सोळावं, कैलास. सकाळी नऊला पोचायचं, अंगणातला दगडी हत्ती लेकरांना दाखवायचा, तासाभरात बाहेर. तुझे मिस्टर आणि दादा मागं थांबून उरलेलं बघू देत. नाहीतर आपण दोघी थांबू आणि ते लेकरांना घेऊन बाहेर बसतील.

मानसी: हे दुसरं लिहून ठेवा, वहिनी.

वहिनी: लिहिलं. आणि मंगळवार नको, वेरूळ बंद असतं. अजिंठा सोमवारी.

मानसी: पैठणला नाथसागरावर रोहित पक्षी येतात ना थंडीत? तो तर मुलांना आवडेल.

वहिनी: आपल्याला आवडेल. जायकवाडीचा हा जलाशय १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, थंडीत तिथं फार सुंदर असतं. पण रोहित उभा असतो लांब, उथळ पाण्यात. दुर्बिणीतून बघायला दोन वर्षांच्या पोराला येत नाही. त्याला हाताशी असलेली शेळी हवी. तिच्या कानाला हात लावता आला पाहिजे. पैठणच्या ज्ञानेश्वर उद्यानाचंही तसंच. मधली कित्येक वर्षं ते कधी बंद, कधी डागडुजीत. चौकशी केल्याशिवाय निघायचं नाही. प्राणीच बघायचे तर आपलं सिद्धार्थ उद्यान बसस्थानकाला लागून आहे. वाघ बघायचा, हिरवळीवर डबा खायचा, दीड तासात घरी.

शेळीचं हे बोलणं मला पुरेपूर पटलं. पिंजऱ्यामागचा वाघ लेकरू दोन मिनिटं बघतं आणि शेजारच्या मुंग्यांच्या रांगेपाशी अर्धा तास बसतं. या वयात त्याचं जग हाताच्या अंतरावर असतं. करडू, कोंबडी, मोटेची नसली तरी पाटाची धार, बैलाच्या गळ्यातली घुंगुरमाळ, ज्वारीचं त्याच्या डोक्यावरून गेलेलं ताट, वाळूचा ढीग. पाळण्यांचं पार्क जे विकत देतं त्याहून हे कमी नाही, आणि हुरड्याच्या शेतात ते आपसूक असतं.

पण शेत म्हणजे लेकरांसाठी निर्धोक, असं वहिनीही म्हणत नव्हती. हुरडा भाजायच्या आगटीत गोवऱ्यांचा निखारा दिवसभर धुमसत असतो. रांगणारं किंवा नुकतं चालायला लागलेलं पोर तिच्यापासून लांब, आणि वाऱ्याच्या उलट बाजूला हवं, नाहीतर धुरानं रात्रभर खोकतं. विहीर, शेततळं आणि पाण्याची टाकी यांना कुंपण आहे का, हे पोचल्याबरोबर बघावं. हुरडा सुरती असो की गूळभेंडी, कोवळा आणि गरम असतानाच हातावर चोळून, बोटानं चेपून, चार-चार दाणे द्यावेत. सोबतचे शेंगदाणे मात्र पाच वर्षांच्या आतल्या मुलाला अख्खे देऊच नयेत. श्वासनलिकेत अडकण्याचा धोका खरा असतो. बोराच्या आठोळीचं तेच. उसाची कांडी चोखायला दिली तर समोर बसून द्यावी. पिण्याचं पाणी घरून उकळून न्यावं. रोटाव्हायरसचे जुलाब आपल्याकडं थंडीतच जास्त होतात, म्हणून साबण आणि ओआरएसची पाकिटं पिशवीत वरच ठेवावीत.

मानसी: कपड्यांचं काय? मी दोन जाड जॅकेटं घेतलीत.

वहिनी: जाड एकच घे, पातळ तीन घे. सकाळी सात वाजता कानटोपी, मोजे, स्वेटर, आत बनियन. दहा वाजले की एक काढ, अकराला दुसरं. लेकरू घामेजलं आणि तसंच सावलीत बसलं की गारठलंच म्हणून समज. आणि खोबरेल. इथली थंडी कोरडी असते, गाल तडकतात.

जाण्याच्या गाडीवरून मात्र दोघींचं एकमत पटकन झालं नाही. वहिनीच्या घरी लेकराला पुढच्या सीटवर मांडीत घेऊन बसायची सवय. मानसीच्या गाडीत वेगळी बालखुर्ची. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं आलेलं कलम १९४ ब सांगतं की चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्ट्यानं किंवा बालखुर्चीत बांधलेलं नसेल तर एक हजार रुपये दंड. दंड राहू द्या. अचानक ब्रेक लागला की मांडीवरचं मूल कुठल्याच आईच्या हातांनी धरून राहत नाही. ‘आपल्याकडं असंच चालतं’ हे उत्तर मी अनेक घरांत ऐकलं आहे आणि ते मला मान्य नाही. वहिनीनं शेवटी ओळखीच्यांकडून एक खुर्ची मागून आणायचं कबूल केलं.

मानसी: तारीख? नाताळातच ना? सगळ्यांना सुट्टी तेव्हाच.

वहिनी: सगळ्यांना म्हणजे कुणाला? आपल्या तिघांपैकी एकही अजून खऱ्या शाळेत जात नाही. पुढची पंधरा वर्षं शाळेच्या वेळापत्रकानंच जावं लागणार आहे. आत्ता तरी नको. पंचवीस ते एकतीस डिसेंबर वेरूळच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते, खोल्यांचे भाव चढतात, केंद्रांवर शाळांच्या सहली येतात, कर्णे लागतात. तू आणि तुझे मिस्टर जानेवारीत मधल्या वारी रजा टाका. संक्रांतीनंतरचा बुधवार, गुरुवार, शुक्रवार. हुरडा तेव्हाही असतो. आणि धाकट्याचं बोरनहाण राहिलंय. रथसप्तमीपर्यंत कधीही चालतं. तिथंच शेतात करू.

आई: हे बेस झालं. हलव्याचे दागिने मी करून ठेवते.

मानसी: आई, तू येशील, पण तुझं एक ठरवू दे. वहिनी, आईला आपण नेतो ते फिरवायला की मुलं सांभाळायला?

प्रश्न अवघड होता आणि तो विचारला हे फार बरं झालं. आजी-आजोबांना सहलीला नेलं की त्यांच्या वाट्याला खोलीत झोपलेलं लेकरू आणि उशाशी ठेवलेली दुधाची बाटली येते; बाकीचे संध्याकाळी हिंडून येतात. आजीला नातवंडं हवी असतात, म्हणून ती नाही म्हणत नाही. तिच्या गुडघ्यांना विचारलं तर उत्तर वेगळं येईल. वहिनीनं आईंसाठी तळमजल्यावरची वेगळी खोली सांगायची ठरवली. लेकरांना रात्री सांभाळायच्या पाळ्या आईबापांमध्येच वाटल्या: एक रात्र दोघी बायका, एक रात्र दोघे पुरुष. दादाला हे फोनवर कळवलं तेव्हा तो थोडा थांबला आणि ‘बरं’ म्हणाला.

मानसीचं सगळं समाधान झालेलं नाही. तिला अजूनही वाटतं की सामान ठेवायला कपाट, चोवीस तास गरम पाणी आणि स्वच्छ संडास यांची खात्री रिसॉर्टमध्येच असते, आणि याबाबतीत तिचं चुकत नाही. लेकराचं ओलं दुपटं बदलायला कोरडी, झाकलेली जागा नसेल तर हिरवं शेतही नकोसं होतं. आपल्या एसटी स्थानकांवर निदान हिरकणी कक्ष असतो. लेण्यांच्या दारात, महापालिकेच्या उद्यानांत आणि हुरड्याच्या केंद्रांवर तशी एक खोली का असू नये? फार काही लागत नाही: चार भिंती, कडी, बसायला खुर्ची, एक बाकडं, हात धुवायला पाणी.

कृषी पर्यटन केंद्र चालवणाऱ्यांना म्हणून एक विनंती आहे. डीजेचा खर्च वाचवून ही खोली बांधा. दुपारी बारा आणि संध्याकाळी सात वाजता, मोठ्यांची पंगत बसायच्या आधी, लेकरांसाठी मऊ खिचडी तयार ठेवा. विहिरीला कुंपण घाला. आणि जाहिरातीत बैलगाडीच्या फोटोखाली हे ठळक अक्षरांत लिहा. लेकुरवाळ्या घरातली बाई खोली ठरवण्याआधी आता हेच शोधते आहे.